वकील कायद्याचा मसुदा मागे गेला, पण पक्षकाराने दाद मागायची कुठे?

माधवी_स

ॲडव्होकेट्स ॲक्ट, १९६१ म्हणजे वकिलांची सनद, बार कौन्सिल (वकिलांचं नियमन करणारी, त्यांनीच निवडलेली परिषद), शिस्तभंग या सगळ्याचा मूळ कायदा. केंद्राच्या विधी विभागाने १३ फेब्रुवारी २०२५ ला त्याच्या दुरुस्तीचा मसुदा लोकांपुढे ठेवला. हरकती-सूचनांना २८ पर्यंत मुदत होती, पण २२ लाच तो गुंडाळला गेला. मधल्या आठवड्यात दिल्लीच्या जिल्हा न्यायालयांत वकिलांनी काम बंद ठेवलं, बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या अध्यक्षांनी कायदामंत्र्यांना पत्र लिहिलं, आणि सुधारित मसुदा पुन्हा चर्चेला आणू असं मंत्रालयाने जाहीर केलं.

मी वकील नाही. वडिलांच्या वाटपाच्या दाव्यामुळे कोर्टाची पायरी चढावी लागली. आमच्या आधीच्या वकिलांनी वकीलपत्र दाखल केलं, फी घेतली आणि कैफियत, म्हणजे दाव्याला आमचं लेखी उत्तर, दिलीच नाही. दर तारखेला एकच उत्तर, "मुदतीचा अर्ज दिलाय, काळजी करू नका." शेवटी 'नो डब्ल्यूएस'चा (कैफियतीविना दावा पुढे चालवायचा) आदेश झाला आणि तोही आम्हाला ई-कोर्ट्सच्या ॲपवरून कळला. आता बार कौन्सिलकडे तक्रार द्यावी का, या विचारात आहे.

म्हणून मसुदा मुळातून वाचला. बार कौन्सिल ऑफ इंडियावर केंद्र सरकार तीन जण नेमणार, आणि सरकार कौन्सिलला निर्देशही देऊ शकणार, हे मलासुद्धा खटकलं. पण त्याच मसुद्यात कोर्टावरच्या बहिष्काराला बंदी होती, सनद नसताना वकिली करणाऱ्याची शिक्षा वाढवली होती. तेही सगळं वाहून गेलं. स्वायत्तता वाचली, उत्तम झालं. पण त्या स्वायत्ततेतून पक्षकाराच्या पदरात काय पडलं, हे विचारायची सोय कुठे आहे? वकील मंडळींनीही लिहा आणि पोळलेल्यांनीही.

खवचट_खंडू

पहिला! प्रतिसादाची एक प्रत समोरच्या पक्षाला देऊन पोच घ्यायला विसरू नका रे.

गोदाकाठची

वाचतेय. मामाचा दावा याच फेऱ्यात आहे.

ॲड_रमाकांत

माधवीताई, तुमच्या बाबतीत झालं ते वाईटच, त्याचं समर्थन कुणी करणार नाही. पण 'तीन जण' हा मुद्दा तुम्ही एका वाक्यात उरकलात. तिथे जरा थांबू.

इंग्रजांच्या अमदानीत वकिलाची सनद हायकोर्टाच्या मुठीत होती. १९२६ च्या इंडियन बार कौन्सिल्स ॲक्टने परिषदा आणल्या, पण शेवटचा शब्द हायकोर्टाचाच राहिला. स्वातंत्र्यानंतर न्या. एस. आर. दास यांच्या समितीने १९५३ मध्ये अखिल भारतीय बारची शिफारस केली, १९५८ च्या चौदाव्या अहवालात विधी आयोगाने ती उचलून धरली, तेव्हा कुठे १९६१ साली वकिलांचा कारभार वकिलांनी निवडलेल्या मंडळाकडे आला. पहिले अध्यक्ष मोतीलाल सेटलवाड. आजही बार कौन्सिल ऑफ इंडियात ॲटर्नी जनरल आणि सॉलिसिटर जनरल पदसिद्ध सदस्य आहेत, म्हणजे सरकारचे वकील तिथे बसतातच. बाकी प्रत्येक राज्य परिषदेतून एक जण निवडून जातो.

आता सांगा, देशातला सगळ्यात मोठा पक्षकार कोण? सरकार. भूसंपादन, जामीन, नोकरीची प्रकरणं, कर, कुठेही बघा, समोर सरकार उभं. सकाळी मी ज्याच्याविरुद्ध युक्तिवाद केला त्यानेच संध्याकाळी माझी सनद सांभाळणाऱ्या मंडळाला निर्देश द्यायचे? ते ४९ब कलम नुसतं खटकण्यासारखं नव्हतं. तेवढ्या एका कलमासाठीही मसुदा परत पाठवायला हवा होता.

कलमकसाई

रमाकांतजींचा इतिहास बरोबर. आता आजचं बघू, कारण माधवीताईंचा प्रश्न तिथेच आहे.

कलम ३५ खाली राज्य बार कौन्सिलकडे तक्रार करता येते. गैरवर्तन झालं असं मानायला कारण आहे असं कौन्सिलला वाटलं तरच प्रकरण शिस्तपालन समितीकडे जातं. समिती तिघांची. दोघे कौन्सिलचेच निवडून आलेले सदस्य, तिसरा बाहेरून घेतलेला, पण तोही दहा वर्षं तरी सनद असलेला वकीलच. समितीला चार गोष्टी करता येतात: तक्रार फेटाळणं, समज देणं, काही काळ सनद निलंबित करणं, किंवा पटावरून नावच काढणं. त्यावर बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे अपील, तिथून सर्वोच्च न्यायालय.

या सगळ्यात तुमच्या नुकसानभरपाईचा एक पैसाही नाही. तशी तरतूदच नाही.

कलम ३६ब म्हणतं की राज्य समितीने वर्षाच्या आत निकाल द्यायचा, नाहीतर प्रकरण आपोआप बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे जातं. ऐकायला झकास. प्रत्यक्षात राज्यात न निघालेली प्रकरणं दिल्लीला जाऊन साठतात आणि तक्रारदाराला एवढ्या लांबची तारीख मिळते. २०२१ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाला यात लक्ष घालून सांगावं लागलं की राज्य परिषदांनी वर्षाची मुदत पाळायची आणि दिल्लीत आलेली प्रकरणंही वर्षात निकाली काढायची.

खवचट_खंडू

म्हणजे तारखांच्या तक्रारीलाही तारीखच. पद्धत पाळली म्हणायची.

नवी_सनद

माझाही बाजूचा अनुभव. सनद काढायला गेलो तेव्हा कायद्यात फी होती ७५० रुपये (६०० राज्य परिषदेचे, १५० बार कौन्सिल ऑफ इंडियाचे, अनुसूचित जाती-जमातींसाठी सगळी मिळून १२५). काउंटरवर मागितले त्याच्या कित्येक पट. पडताळणी, वाचनालय, कल्याण निधी, ओळखपत्र, प्रत्येकाची वेगळी पावती. सिनियरकडे महिन्याला जे मिळत होतं ते सगळं त्यातच गेलं, वर काळा कोट आणि बँड.

३० जुलै २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने गौरव कुमार प्रकरणात सांगितलं की कलम २४ मध्ये आहे त्याच्यावर एक रुपया घ्यायचा नाही. त्या प्रकरणात ओडिशातली फी ४२,१०० रुपयांवर गेल्याचं समोर आलं होतं. निकाल पुढच्यांसाठी लागू, त्यामुळे आम्हाला परतावा नाही. असो.

मुद्दा असा की कायदा मोडून फी घेतली जात होती हे कौन्सिलमधल्या निवडून आलेल्या एकालाही दिसलं नाही? ते बघायला बाहेरचाच माणूस लागला.

ॲड_रमाकांत

त्याला दुसरी बाजू आहे. ते ६०० रुपये १९९३ च्या दुरुस्तीतले आहेत. तीस वर्षांत संसदेला आकडा बदलायला फुरसत झाली नाही. महाराष्ट्र आणि गोव्याच्या पटावर लाखावर वकील आहेत. त्यांचा पट सांभाळायचा, पदव्या पडताळायच्या, तक्रारी चालवायच्या, हे ७५० रुपयांत कसं भागायचं? शिस्तपालन समितीचे सदस्य आपली कामं सोडून येतात, वेगळा कर्मचारीवर्ग नाही. वेळेत निकाल हवा असेल तर पैसा कुठून यायचा हेही कायद्यात लिहा.

कलमकसाई

+१. हा या धाग्यावरचा आतापर्यंतचा सगळ्यात कामाचा मुद्दा. फीचा आकडा कायद्यात बांधून ठेवायचा आणि मग परिषदेने आडवाटेने पैसे गोळा केले की नावं ठेवायची, यात संसदही वाटेकरी आहे.

निवृत्त_शिरस्तेदार

नोकरी दिवाणी न्यायालयात गेली, त्यामुळे बहिष्काराबद्दल अधिकाराने बोलू शकतो.

बहिष्काराच्या दिवशी कोर्ट कसं दिसतं ते सांगतो. बोर्ड नेहमीसारखा लागतो. साहेब वेळेवर डायसवर येतात. पट्टेवाला पुकारा करतो. मागच्या बाकावरून गावाकडचे पक्षकार उठून उभे राहतात, हातात पिशवी, पिशवीत सातबारे. वकिलांच्या खुर्च्या मोकळ्या. साहेब विचारतात, "वकील कुठं आहेत?" म्हातारा म्हणतो, "खाली हायेत साहेब, पन वर येत न्हाईत म्हनले." मग मी रोजनाम्यात लिहायचं: वकील संघाच्या ठरावामुळे उभय पक्षांचे वकील गैरहजर, पुढील तारीख अमुक. एका ओळीत सगळं. त्या म्हाताऱ्याची एसटी, बुडलेली मजुरी, साक्षीदाराला आणायचा खर्च, त्यातलं काहीही रोजनाम्यात येत नाही.

ठरावाची कारणं मी नाना प्रकारची पाहिली. काही खरोखर गंभीर. काही अशी की लिहिताना पेन अडखळायचं.

आणि एक. ज्या दिवशी कोर्टात पाऊल टाकायचं नसतं, त्या दिवशीसुद्धा जामिनाचा अर्ज कसा कोण जाणे आत येतोच.

खवचट_खंडू

शिरस्तेदारकाका, शेवटच्या ओळीला दंडवत.

पंचगंगेचा_पाणी

मसुद्यातल्या ३५अ मध्ये बहिष्काराला बंदी होती म्हणून मी त्याच्या विरोधात. कारण कोल्हापूर.

मुंबई उच्च न्यायालयाचं खंडपीठ कोल्हापूरला व्हावं म्हणून कोल्हापूर, सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांतले वकील चाळीसहून जास्त वर्षं भांडले. निवेदनं दिली, शिष्टमंडळं गेली, मुख्यमंत्री बदलले, मुख्य न्यायमूर्ती बदलले. काम बंद ठेवलं तेव्हाच मुंबईला जाग यायची. १८ ऑगस्ट २०२५ ला सर्किट बेंचचं (उच्च न्यायालयाच्या फिरत्या पीठाचं) कामकाज भाऊसिंगजी रोडवरच्या जुन्या न्यायालयाच्या इमारतीत सुरू झालं. आज चंदगडच्या किंवा सावंतवाडीच्या माणसाला अपिलासाठी रात्रभर प्रवास करून फोर्टात उतरावं लागत नाही. हे लाल फिती लावून मिळालं असतं?

माधवी_स

अहो, मी सांगलीकडचीच. सर्किट बेंचचा आनंद मलाही झाला. पण आंदोलनाची किंमत कुणी मोजली? तारीख पक्षकाराची गेली. फी वकिलांनी परत दिली का?

पंचगंगेचा_पाणी

त्या काळात वकिलांचंही उत्पन्न बुडलं, ताई. तालुक्याचा वकील रोज काम करतो तेव्हा रोज खातो.

कलमकसाई

कायदा दोघांच्याही मधून गेलाय. १७ डिसेंबर २००२ च्या हरीश उप्पल निकालात घटनापीठाने सांगितलं की वकिलांना संपाचा किंवा बहिष्काराचा अधिकार नाही. निषेध करायचा तर पत्रक काढा, फिती लावा, कोर्टाच्या आवाराबाहेर मोर्चा काढा. अगदीच अपवादात्मक प्रसंगी, जिथे बारच्या किंवा न्यायसंस्थेच्या प्रतिष्ठेचा प्रश्न आहे तिथे, एक दिवसाची गैरहजेरी न्यायालय दुर्लक्षित करू शकेल, आणि तेही आधी मुख्य न्यायमूर्तींशी किंवा जिल्हा न्यायाधीशांशी बोलून.

थोडक्यात, ३५अ मध्ये नवीन फारसं काही नव्हतं. न्यायालयाने वीस वर्षांपूर्वी सांगितलेलंच कायद्यात लिहायचा प्रयत्न होता. त्याला विरोध कसा केला? बहिष्कार घालून.

खवचट_खंडू

🙏 आज झोप छान लागणार.

डॉ_अश्विनी

डॉक्टर म्हणून थोडी आग ओकते, दिवे घ्या.

आम्हाला ग्राहक कायदा १९९५ च्या शांता निकालापासून लागू आहे. रुग्णाचं नुकसान झालं असं वाटलं की जिल्हा ग्राहक आयोगात केस, वकील असो वा नसो. वकिलांचं काय? १४ मे २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की वकिलाची सेवा ग्राहक संरक्षण कायद्यात येत नाही. म्हणजे माझ्या चुकीसाठी मला ग्राहक आयोगात खेचणारा वकील स्वतः तिथे आरोपीच्या जागी कधीच उभा राहणार नाही.

पण रमाकांतजींची भीती मात्र मला रास्त वाटते. आमची निवडून येणारी मेडिकल कौन्सिल भ्रष्टाचाराच्या आरोपांनी इतकी बदनाम झाली की २०१८ मध्ये सरकारने बरखास्त केली, आणि सप्टेंबर २०२० पासून नॅशनल मेडिकल कमिशन आलं. त्यात नेमलेल्यांचा भरणा. तेव्हा आम्ही ओरडलो, पण आधीच्या मंडळाची बाजू घ्यायला एकही सामान्य माणूस रस्त्यावर आला नाही. आपल्या मंडळाने लोकांसाठी काही केलंच नसेल तर लोक कशाला येतील?

ॲड_रमाकांत

डॉक्टर, ग्राहक कायद्याच्या निकालात एक फरक आहे. वकील पक्षकाराचा प्रतिनिधी असतो, पक्षकाराच्या सूचनेशिवाय तो तडजोड करू शकत नाही, त्याच्यावर पक्षकाराचा बराच ताबा असतो. न्यायालयाने तो 'वैयक्तिक सेवेचा करार' धरला. शिवाय आम्ही कोर्टाचे अधिकारीही आहोत. हरणाऱ्या प्रत्येक पक्षकाराने वकिलावर केस टाकली तर अर्धी वकिली स्वतःच्या बचावातच जाईल. प्रत्येक खटल्यात एक जण हरतोच ना?

मेडिकल कौन्सिलचं म्हणाल, तर तो इशारा मी विसरलेलो नाही.

डॉ_अश्विनी

प्रत्येक रुग्णही शेवटी मरतोच, वकीलसाहेब. तरी आम्हाला लागू आहे.

हिशेबनीस

सीए. आमच्याकडे मधला मार्ग काढला गेला. २०२२ च्या दुरुस्ती कायद्यात अशी तरतूद आली की शिस्तपालन समितीचा पीठासीन अधिकारी सीए नसलेला असावा. आमच्या इन्स्टिट्यूटमध्येही बोंबाबोंब झालीच. पण संस्थेची निवडणूक सदस्यांच्याच हातात राहिली आणि शिस्तीच्या टेबलावर बाहेरची माणसं आली. ही दोन कामं वेगळी करता येतात, एवढंच सुचवायचंय.

थेम्सकाठी

हिशेबनीस यांनी जे सांगितलं त्याची पुढची पायरी इथे इंग्लंडमध्ये आहे. लॉ सोसायटी १८४५ च्या राजसनदेवर चालते, आणि पूर्वी सॉलिसिटरांची बाजू मांडणं आणि त्यांच्यावर कारवाई करणं ही दोन्ही कामं तिच्याकडेच होती. २००७ च्या लीगल सर्व्हिसेस ॲक्टने ती तोडली. सोसायटी उरली फक्त वकिलांची संघटना, नियमन गेलं सॉलिसिटर्स रेग्युलेशन ऑथॉरिटीकडे. बॅरिस्टरांचंही तसंच: बार कौन्सिल वेगळी, बार स्टँडर्ड्स बोर्ड वेगळं. सगळ्यांवर लक्ष ठेवायला लीगल सर्व्हिसेस बोर्ड, ज्यात बिगरवकिलांचं बहुमत असावंच लागतं.

पक्षकारासाठी २०१० पासून लीगल ओम्बड्समन आहे. सेवा वाईट दिली, पत्रांना उत्तर दिलं नाही, मुदत चुकवली, असल्या तक्रारी तिथे जातात. भरपाई ५०,००० पौंडांपर्यंत देता येते. माधवीताईंची तक्रार त्याच साच्यातली. ही सनद काढून घेण्याची बाब नाही, पण नुकसान झालंय हे तर नक्की.

हुरळून जाऊ नका मात्र. २०२३ मध्ये इथल्या एका सॉलिसिटर फर्ममधून पक्षकारांचे सुमारे ६ कोटी पौंड गायब झाले आणि त्या वेगळ्या, स्वतंत्र नियामकाला वेळेत पत्ता लागला नाही, असा ठपका पुढे चौकशीत आला.

गोदाकाठची

म्हणजे तिकडेही तेच. बरं वाटलं आणि वाईटही.

बंडूनाना

तुम्ही सगळे नियमनाबद्दल बोलताय, मी निवडणुकीबद्दल बोलतो. खरी गंमत तिथे आहे.

आमच्या राज्य परिषदेत २५ जागा. मतदान पसंतीक्रमाने: १, २, ३ असे आकडे टाकत जायचं. मतपत्रिका वाण्याच्या यादीसारखी लांब. जिल्ह्याजिल्ह्यात जात, गाव, कॉलेज, सिनियर, सगळी गणितं. वर्षभर न दिसणारा उमेदवार बार रूममध्ये येऊन ज्युनिअरांच्या खांद्यावर हात ठेवतो. जेवणावळी होतात, त्याबद्दल न बोललेलं बरं. मत देताना शिस्तपालन समितीचं काय केलंस, असं कुणीही कुणाला विचारल्याचं मी पाहिलं नाही. मीही विचारलं नाही, भूक लागली होती.

खवचट_खंडू

नाना, पहिली पसंती पनीरला की मटणाला?

बंडूनाना

मत गुप्त असतं.

नवी_सनद

नाना, निवडणूक निदान व्हायला तरी हवी ना वेळेवर. सदस्यांची मुदत पाच वर्षांची. २०१५ चे पडताळणी नियम आले, आणि मतदारांची पडताळणी चालू आहे म्हणून मुदतवाढ देत राहण्याची वाट सापडली. पदव्या खऱ्या की खोट्या हे तपासायला सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये समिती नेमली, आणि २०२५ मध्ये राज्य परिषदांच्या निवडणुकांचं वेळापत्रकही त्यालाच आखून द्यावं लागलं. सरकारचा हस्तक्षेप नको, कबूल. पण निवडून आलेलं मंडळ मुदत संपल्यावरही खुर्चीत बसलं तर ते कुणाचं प्रतिनिधी?

ॲड_रमाकांत

हे मान्य. लिहून घ्या, या धाग्यावर मी बचाव पक्षात असलो तरी इथे युक्तिवाद नाही.

वकीलीण

इतक्या प्रतिसादांत एकही बाई कौन्सिलबद्दल बोलली नाही (डॉक्टर आणि माधवीताई वगळून), म्हणून मी. जिल्हा न्यायालयात वकिली करते.

१९२३ च्या कायद्याने बायकांना वकिलीचं दार उघडलं. त्यानंतर शंभर वर्षांनी सर्वोच्च न्यायालयाच्या स्वतःच्या बार असोसिएशनमध्ये एकतृतीयांश जागा राखून ठेवा, असा आदेश मे २०२४ मध्ये न्यायालयालाच द्यावा लागला. राज्य परिषदांमध्ये बाई निवडून येणं म्हणजे बातमी. पुरुष उमेदवार रात्री दहाला बारच्या जेवणाला जिल्हाभर फिरतो, मी कशी फिरू? कुठल्याही नव्या मसुद्यात सरकारचे तीन हवेत की नकोत यावर रान पेटतं. निवडून येणाऱ्यांत कोण असतं यावर कुणीही काम बंद ठेवत नाही.

आणि माधवीताई, आमच्या इथे तक्रार द्यायला पक्षकार घाबरतात त्याचं कारण साधं आहे. त्याच वकिलाकडे फाइल असते. दुसरा वकील आधीच्याच्या एनओसीशिवाय (ना-हरकतीशिवाय) वकीलपत्र घ्यायला कचरतो. लहान गावात सगळे एकाच बार रूममध्ये चहा पितात.

माधवी_स

अगदी अगदी. आम्हाला तीन जणांनी नकार दिला. एकाने सांगितलं, "तुमचं खरं आहे, पण ते आमचे सिनियर आहेत."

कलमकसाई

रमाकांतजी, सरळ प्रश्न. सरकारने नेमलेला नको. मग शिस्तपालन समितीत हायकोर्टाने नेमलेले बिगरवकील चालतील? निवृत्त न्यायाधीश, लेखापरीक्षक, डॉक्टर?

ॲड_रमाकांत

हायकोर्टाने नेमलेले, अल्पमतात आणि फक्त शिस्तपालन समितीत, तर मी विचार करेन. परिषदेत नाही.

कलमकसाई

विधी आयोगाच्या मार्च २०१७ च्या २६६ व्या अहवालातही बाहेरच्या क्षेत्रांतली माणसं आत आणायची शिफारस होती. संपामुळे पक्षकाराचं नुकसान झालं तर भरपाईही होती. तेव्हाही देशभर निषेध झाला.

ॲड_रमाकांत

त्या अहवालात परिषदांची रचनाच बदलत होती. मी म्हणतो ते एका समितीपुरतं. यात आणि त्यात फरक आहे, आणि तो फरक न करता सगळं एकाच गाठोड्यात बांधून आणलं की बार गाठोडंच फेकणार. सरकारला खरंच पक्षकाराची काळजी असेल तर दोन कलमांचं छोटं विधेयक आणावं: समितीत बाहेरची माणसं, आणि भरपाई देण्याचा अधिकार. २०२३ मध्ये दलालांपुरती (पैसे घेऊन वकिलाला पक्षकार मिळवून देणाऱ्यांपुरती) वेगळी दुरुस्ती केलीच की. १८७९ चा जुना कायदा रद्द करून कलम ४५अ घातलं. कुणी रस्त्यावर उतरलं नाही.

शिरजोर

सगळे वकील चोर.

खवचट_खंडू

आले. धागा शंभरी गाठणार आता.

वकीलीण

शिरजोर, जामिनाला कोण उभं राहतं तुमच्या?

दिवाणी_दावा

उशिरा आलो. सगळे कायद्याच्या दुरुस्तीवर बोलताहेत, पण माधवीताईंचं आजचं काम अडलंय ते बघा.

एक, तक्रारीच्या नादात दावा विसरू नका. 'नो डब्ल्यूएस'चा आदेश म्हणजे शेवट नाही. साध्या दिवाणी दाव्यात कैफियतीची ९० दिवसांची मुदत बंधनकारक नसून मार्गदर्शक आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये कैलाश प्रकरणात म्हटलंय. आदेश रद्द करून कैफियत दाखल करून घ्या असा अर्ज द्या, सोबत कैफियत जोडा, उशिराचं कारण प्रतिज्ञापत्रावर सांगा. खर्च बसवून बरेचदा मंजूर होतो. पण समोरच्याचा पुरावा पुढे गेला की अवघड होत जातं, म्हणून आधी हे.

दोन, भरपाई. ग्राहक आयोग बंद झाला तरी दिवाणी कोर्टाचं दार उघडं आहे. लीगल प्रॅक्टिशनर्स (फीज) ॲक्ट, १९२६ चं कलम ५ सांगतं की निष्काळजीपणामुळे झालेल्या नुकसानीच्या दाव्यातून केवळ वकील आहे म्हणून कुणाला सूट नाही. फारच कमी लोक वापरतात.

तीन, बार कौन्सिलची तक्रार जरूर द्या. पैसे मिळणार नाहीत, पण नोंद राहते.

माधवी_स

वकिलाविरुद्ध दावा लावायला पुन्हा वकीलच शोधायचा, नाही का? 😀

पण पहिला मुद्दा मला कुणीच सांगितला नव्हता. मनापासून आभार.

वकीलीण

माधवीताई, मला व्यक्तिगत निरोप पाठवा. तुमच्या जिल्ह्यात माझी एक मैत्रीण आहे, तिला त्या बार रूमच्या चहाचं देणंघेणं नाही.

निवृत्त_शिरस्तेदार

आणि जाण्याआधी रोजनाम्याची सही-शिक्क्याची नक्कल काढा, पहिल्या तारखेपासूनची. ॲपवरचं प्रिंट उपयोगाचं नाही. नक्कल विभागात अर्ज, त्यावर कोर्ट फीचं तिकीट, आणि दावा नंबर अचूक लिहा. मुदतीचे अर्ज खरंच दिले होते की नाही, ते त्यात ओळीने दिसेल. दिले नसतील तर तुमच्या तक्रारीला दुसरा पुरावा लागणार नाही.

माधवी_स

उद्याच जाते.